इलेक्ट्रॉनचं कर्ज

शास्त्र शाखेला मी गेलो नाही यात शास्त्राचं भलं झालं, असं आमच्या घरात एकमताने मानलं जातं. मी कॉमर्सला गेलो, तिथून बँकेत गेलो, आणि निवृत्त होईपर्यंत नावे-जमेच्या पलीकडे जगात काही घडतं यावर माझा फारसा विश्वास नव्हता. तरीही यंदा गौरींच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात जे काही झालं, ते रसायनशास्त्राच्या नियमांबरहुकूम झालं. एकही अभिक्रिया चुकली नाही. हे मी हिला वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहिलंय. ती म्हणते, अभिक्रियेला कोण काय म्हणतंय?

आग शेजारच्या ओजसने लावली. दहावीतला मुलगा. त्याची आई सहज म्हणाली, "काका, तुम्ही दिवसभर घरीच असता, जरा याचं विज्ञान बघाल का?" यातलं 'दिवसभर घरीच असता' निवृत्त माणसाला कुठे लागतं ते निवृत्त माणसालाच ठाऊक. मी तावातावाने हो म्हटलं. पुस्तक उघडलं तर समोर ऑक्सिडीकरण आणि क्षपण.

पहिल्या परिच्छेदापर्यंत मी राजा होतो. एखाद्या पदार्थाने ऑक्सिजन घेतला किंवा हायड्रोजन गमावला की ऑक्सिडीकरण, आणि याच्या उलट झालं की क्षपण. तांब्याची भुकटी तापवली, काळी झाली, कॉपर ऑक्साइड तयार. त्या गरम काळ्या भुकटीवरून हायड्रोजन सोडला, ऑक्सिजन त्याच्याबरोबर पाणी होऊन निघून गेला, तांबं पुन्हा लाल. सोपं. ओजस मान डोलावत होता, मीही डोलावत होतो. मग पान उलटलं आणि तिथे लिहिलं होतं की इलेक्ट्रॉन गमावणं म्हणजे ऑक्सिडीकरण, इलेक्ट्रॉन कमावणं म्हणजे क्षपण. सोडियम क्लोरीनला इलेक्ट्रॉन देतो, दोघांचं मिळून मीठ होतं आणि यात सोडियमचं ऑक्सिडीकरण झालं म्हणे.

"काका, पण यात ऑक्सिजन कुठाय?"

"पाणी पिऊन येतो," मी म्हणालो.

त्या रात्री मी बरंच वाचलं. वाचता वाचता मला लाव्हाझिए हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आवडायला लागला, कारण तो आमच्यातलाच निघाला. त्याच्या काळी असं मानत की वस्तू जळते तेव्हा तिच्यातून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी बाहेर पडतं. बाहेर पडतं तर मग धातू जळल्यावर त्याचं वजन वाढतं कसं, हा प्रश्न होता, आणि बरेच विद्वान त्याच्याकडे काणाडोळा करत होते. लाव्हाझिएने बंद भांड्यात वस्तू तापवल्या, आधीचं वजन, नंतरचं वजन काटेकोर मांडलं आणि दाखवून दिलं की धातूत हवेतलं काहीतरी येऊन मिळतं. वजनाचा ताळेबंद जुळवणारा माणूस. पोटापाण्यासाठी तो सरकारी कर गोळा करणाऱ्या कंपनीत भागीदार होता. त्याची बायको मारी-ॲन त्याच्या प्रयोगांच्या नोंदी ठेवी, आकृत्या काढी, इंग्रजीतले ग्रंथ फ्रेंचमध्ये करून देई. हे मी हिला मुद्दाम वाचून दाखवलं. "पुढे काय झालं त्याचं?" हिने विचारलं. ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, तो करवसुलीच्या पायी, रसायनशास्त्राच्या नव्हे. पण एवढा खुलासा ऐकायला ती थांबली नाही.

लाव्हाझिएला इलेक्ट्रॉन माहीत असणं शक्यच नव्हतं. तो जे. जे. थॉमसनला सापडला १८९७ साली. म्हणजे आधी ऑक्सिजनच्या नावाने खातं उघडलं गेलं आणि शंभरेक वर्षांनी कळलं की खरा व्यवहार इलेक्ट्रॉनचा आहे, ऑक्सिजन हा त्यातला सगळ्यात मोठा ग्राहक एवढंच. तो नसला तरी गंधक आहे, क्लोरीन आहे. शाखा चालूच राहते.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पुढचं सगळं त्या प्रकाशामुळे झालं. इलेक्ट्रॉनवर ऋण भार असतो. ॲल्युमिनियमच्या अणूने तीन इलेक्ट्रॉन दिले की त्याचा ऑक्सिडीकरण अंक शून्यावरून अधिक तीन होतो. देणाऱ्याचा अंक वाढतो, घेणाऱ्याचा घटतो. ओजसचं डोकं इथेच फिरत होतं. दिल्यावर वाढेल कसं? याला जबाबदार बेंजामिन फ्रँकलिन. त्याने अठराव्या शतकात विजेच्या एका बाजूला अधिक आणि दुसरीला उणे म्हणून टाकलं, आणि इलेक्ट्रॉन सापडला तेव्हा तो बिचारा उण्याच्या बाजूला निघाला. पण बँकवाल्याला यात अवघड काय? इलेक्ट्रॉन म्हणजे कर्ज समजायचं. आपलं कर्ज दुसऱ्याच्या गळ्यात मारलं की आपली शिल्लक वाढणारच. आणि गळ्यात मारायला दुसरा गळा लागतोच, म्हणून ऑक्सिडीकरण एकटं कधी होत नाही. एकाच्या नावे तेवढंच दुसऱ्याच्या जमा, आणि दिवसअखेर ताळा जुळलाच पाहिजे. ओजसला हे इतकं पटलं की त्याने जाऊन आईला सांगितलं. मला आयुष्यात प्रथमच कुणीतरी शास्त्रातलं विचारत होतं. अशा वेळी माणसाने झोपून राहावं. मी गौरींची भांडी घासायला घेतली.

आत्या वाईहून आली होती. आमच्याकडे गौरींची तांब्या-चांदीची भांडी तिच्या देखरेखीखाली निघतात. तांब्याला चिंच आणि मीठ, चांदीला टूथपावडर, हा तिचा शिरस्ता. मी पुढे होऊन म्हणालो, "आत्या, यंदा मी शास्त्रशुद्ध करणार."

"कर बाबा. मग मी काय अशास्त्र करत होते का इतकी वर्षं?"

चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. ते तांब्यावरचा ऑक्साइडचा काळपट थर विरघळवून टाकतं, मीठ त्याला हात देतं, आणि खालचं तांबं उघडं पडतं. यात गंमत अशी की या कामात इलेक्ट्रॉनची देवघेव काहीच होत नाही. थरातलं तांबं अधिक दोनवर होतं, ते पाण्यात गेलं तरी अधिक दोनवरच. "म्हणजे आत्या," मी म्हणालो, "तू करतेस ती रेडॉक्स, म्हणजे ऑक्सिडीकरण-क्षपणाची, अभिक्रियाच नव्हे. नुसतं विरघळणं आहे ते." आत्याने हातातला तांब्या माझ्यासमोर धरला. त्यात मला माझा चेहरा दिसत होता, तोही आवश्यकतेपेक्षा जास्त स्पष्ट. "निघाला ना लख्ख?" ती म्हणाली आणि पुढच्या पंचपात्राकडे वळली.

त्या चिंचेच्या पाण्यात आता बरंच तांबं उतरलेलं होतं. ते फेकण्याआधी मला वाटलं, पानाच्या तबकातला अडकित्ताही यातच बुडवून ठेवावा. त्याच्यावर थोडा गंज होता, आम्लाने जाईल. अडकित्ता माझ्या आजोबांचा, म्हणजे आत्याच्या वडिलांचा. चांगला लोखंडी, जड, मोराच्या आकाराचा. थोड्या वेळाने पाहतो तर मोर तांबूस! लोखंडाचा अडकित्ता तांब्याचा झाला होता.

हे काय झालं ते मला लगेच कळलं, याचा मला अभिमान आहे. लोखंड तांब्यापेक्षा इलेक्ट्रॉन सोडायला उतावीळ. पाण्यात फिरणाऱ्या तांब्याच्या आयनांना त्याने इलेक्ट्रॉन दिले, ते तांबं होऊन अडकित्त्यावर बसले, आणि देणारं लोखंड स्वतः पाण्यात उतरलं. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात खिळा टाकायचा शाळेतला प्रयोग तो हाच. चीनमध्ये सुंग राजवटीत खाणींतल्या तांबेमिश्रित पाण्यात लोखंड टाकून याच रीतीने चक्क व्यापारी प्रमाणावर तांबं काढत. युरोपातल्या किमयागारांना मात्र वाटे की लोखंडाचं तांबं झालं, आता सोनं फार दूर नाही. मीही क्षणभर अडकित्त्याकडे त्याच नजरेने बघत होतो.

"अप्पांचा अडकित्ता रंगवलास?" आत्या मागे उभी होती.

"रंगवला नाही आत्या, हे क्षपण आहे. तांब्याचं."

तिने अंगठ्याने मोराचा गळा घासला. तांबं अंगठ्यावर आलं. असा झटपट बसलेला थर धातूला धरून राहत नाही, पुसला जातो. खालून जे लोखंड निघालं ते पूर्वीपेक्षा खडबडीत होतं, कारण मोराच्या अंगचं थोडं लोखंड कायमचं मोरीत वाहून गेलं होतं. आत्या काही बोलली नाही. तिने तो अडकित्ता पदराने पुसला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. तो वाईला गेला.

शहाण्या माणसाने इथे थांबायचं. पण तांब्यात माझं कसब दिसलंच नव्हतं, आणि चांदी बाकी होती.

चांदी काळी पडते ती मुळात ऑक्सिजनशी लग्न लागून नव्हे. हवेत कुठून कुठून हायड्रोजन सल्फाइड असतो. गटारांचा, धुराचा, शिजणाऱ्या अन्नाचा. त्यातलं गंधक चांदीला गाठतं आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. चांदीचा प्रत्येक अणू एकेक इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो. टूथपावडरने घासलं की हा थर निघतो, पण त्याच्यासोबत त्यात अडकलेली चांदीही जाते. आजीने, पणजीने आणि आत्याने मिळून आमच्या निरांजनाचा किती भाग असा नळाखाली सोडला असेल याचा हिशोब मांडला तर ऑडिटर रडेल. उलट शास्त्र म्हणतं, चांदी फेकू नका, तिचे इलेक्ट्रॉन तिला परत द्या. देणार कोण? ॲल्युमिनियम. तो तर तीन-तीन द्यायला बसलाय.

कृती अशी. भांड्यात पोळ्या गुंडाळायची फॉइल अंथरायची. वर चांदीची भांडी अशी ठेवायची की प्रत्येक वस्तू फॉइलला टेकली पाहिजे. खायचा सोडा आणि मीठ टाकून उकळतं पाणी ओतायचं. सोडा आणि मीठ दोघं मिळून ॲल्युमिनियमच्या अंगावरचा ऑक्साइडचा चिवट थर फोडतात, आणि इलेक्ट्रॉन फॉइलमधून थेट चांदीत शिरतात. दोन ॲल्युमिनियमनी सहा दिले, सहा चांद्यांनी एकेक घेतला, ताळा जुळला. चांदी जिथल्या तिथे पुन्हा चांदी.

आणि खरंच, डोळ्यांसमोर निरांजन उजळलं. घासणं नाही, हात काळे नाहीत. मी "अगं, बघ बघ" म्हणून ओरडलो. ही आली नाही, कारण ती फोनवर होती. आत्या आली, आणि दारातच थबकली.

"अंडं कुणी केलंय?"

आमच्या घरात अंडं येत नाही. निदान आत्या असताना येत नाही. तशात श्रावण नुकताच सरला होता आणि गणपती मखरात बसलेले. पण वास खरा होता. चांदीने सोडलेलं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, आणि ॲल्युमिनियम सल्फाइड पाण्यात टिकत नाही. त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. तो नाकाला कळायला हवेच्या अब्ज भागांत त्याचे चारदोन भाग असले तरी पुरतात. आत्याच्या नाकाला त्याहून कमी पुरत असावेत.

"आत्या, हा वायू आहे."

"वायू मलाही कळतो."

"नाही, म्हणजे चांदीतलं गंधक. हायड्रोजन सल्फाइड. खरं अंडं नाही, अंड्यात असतो तोच वास."

"म्हणजे अंडंच," आत्या म्हणाली, आणि गोमूत्राची बाटली आणायला गेली.

खिडक्या उघडल्या, पंखे लावले. फॉइल काळी होऊन तिला भोकं पडली होती. समईसाठी फॉइल पुरेना म्हणून मी बटाटे उकडायचं ॲल्युमिनियमचं पातेलंच वापरलं, तेही काळं पडलं. पण चांदी! निरांजन, करंडा, अत्तरदाणी, सगळं असं निघालं होतं की हिनेही फोन ठेवून "बरं झालंय" म्हटलं. आमच्या घरात याहून मोठी पदवी कुणाला मिळालेली नाही. आणि त्या पदवीच्या भरात मी घरभर आणखी काळी चांदी शोधत निघालो.

हिच्या ड्रेसिंग टेबलावर एक हार होता. जाड, पानापानांचा, आणि इतका काळवंडलेला की मला बघवेना. दुपारी ती आणि आत्या डुलकी काढत होत्या. मी उरलेली फॉइल घेतली, ताजा सोडा घेतला, खिडकी आधीच उघडून ठेवली. हार पाण्यात गेल्यावर मिनिटभरात पांढराशुभ्र झाला. पुसून, हलक्या हाताने वाळवून, मी तो परत जागेवर ठेवला आणि वर वर्तमानपत्र वाचत बसलो. कौतुक आपणहून यावं, आपण मागू नये.

"अहो, हा कुणाचा हार?"

"तुझाच. ओळखला नाहीस ना?"

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज मला पूर्वी एकदाच ऐकलेला आठवतो, बँकेने माझी बदली नांदेडला केली तेव्हाचा. "माझा ऑक्सिडाइज्ड आहे."

मग मला समजलं की तो हार विकत घेतला तेव्हाच काळा होता. मुद्दाम. कारागीर चांदी लिव्हर ऑफ सल्फर नावाच्या गंधकी द्रावणात बुडवून काळी करतात, मग उठावाचे भाग घासून उजळवतात. खोलगट नक्षीत काळं राहतं म्हणून नक्षी दिसते. त्या काळेपणाचे वेगळे पैसे मोजलेले असतात. सगळा बाजार याला ऑक्सिडाइज्ड म्हणतो आणि त्या काळ्या थरात ऑक्साइड जवळजवळ नसतोच, असतो तो सल्फाइड. पण इलेक्ट्रॉन गेले म्हणजे ऑक्सिडीकरण, या अर्थाने बाजाराचं बरोबर आहे. हे मी हिला सांगू लागलो. "ज्यात ऑक्सिजन नाही तेही ऑक्सिडीकरण कसं असतं, याचं हे इतकं सुंदर उदाहरण..." तिने हार माझ्या हातात दिला. पानापानांची नक्षी सपाट पांढऱ्या तुकड्यांत विरून गेली होती. गौरींच्या हळदीकुंकवाला ती तो घालणार होती. साडी त्या हाराला साजेशी घेतली होती.

अशा प्रसंगी मोठ्या माणसांची आठवण काढावी. सर हम्फ्री डेव्ही, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांना खालून तांब्याचे पत्रे मारलेले असत आणि समुद्राचं पाणी ते खाऊन टाकी. १८२४ मध्ये डेव्हीने उपाय काढला. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडा, ते आपले इलेक्ट्रॉन देत झिजतील, तांबं शाबूत राहील. आणि राहिलं! रसायन शंभर टक्के बरोबर. फक्त विरघळणारं तांबं शेवाळाला आणि शिंपल्यांना विषासारखं होतं, म्हणून तर ते पत्रे मारलेले. तांबं झिजायचं थांबलं तसं सगळं समुद्रजीवन जहाजाच्या बुडाला येऊन चिकटलं, जहाजं रेंगाळायला लागली, आणि आरमाराने ते तुकडे काढून टाकायला लावले. त्याची कल्पना मेली नाही. पोलादी जहाजांना आज जस्ताचे ठोकळे लावतात, आणि आमच्या गिझरच्या पोटात मॅग्नेशियमची एक कांडी आहे, ती टाकीऐवजी स्वतः गंजत असते. पण डेव्हीला त्या वेळी लोक काय म्हणाले असतील ते मला अगदी कानात ऐकू येतं. ही गोष्ट मी हिला सांगितली नाही. लाव्हाझिएचा अनुभव ताजा होता.

सराफाकडे गर्दी होती. तो म्हणाला, सणानंतर या. ओजसने मात्र मार्ग काढला. कुठेतरी त्याने वाचलं होतं की चांदी काळी करायला उकडलेलं अंडं चालतं. उकडलेल्या अंड्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, बंद डब्यात चांदी त्याच्याजवळ ठेवली की ती काळी पडते. मी संध्याकाळी त्याच्या घराची बेल वाजवली.

"वहिनी, एक अंडं उकडून मिळेल का?"

तिने माझ्या खांद्यावरून आमच्या दाराकडे पाहिलं. आतून आरतीच्या टाळांचा आवाज येत होता.

"खायला?" तिने हळूच विचारलं.

"हाराला."

ती सज्जन बाई आहे. पुढे काही विचारलं नाही. गरम अंड्याचे दोन तुकडे करून एका घट्ट झाकणाच्या डब्यात एका बाजूला ठेवले, दुसऱ्या बाजूला हार, आणि डबा त्यांच्याच बाल्कनीत. ओजसने वही काढली. "काका, आता ऑक्सिडीकरण चांदीचं. मग क्षपण कोणाचं?" गंधकाचं म्हणणार होतो, पण गंधक आधीही उणे दोनवर आणि नंतरही उणे दोनवरच. ते नुसतं येऊन बसतं. मी बऱ्याच वेळाने म्हणालो, "डब्यातल्या हवेचं. ऑक्सिजनचं. तो चांदीचे इलेक्ट्रॉन घेतो आणि पाणी होतो." ओजसने लिहून घेतलं. म्हणजे त्या काळ्या थरात ऑक्सिजन नव्हता हे खरं, पण व्यवहार त्यानेच केला होता आणि सही न करता निघून गेला होता.

सकाळी हार बाहेर काढला. तो एकसारखा काळा नव्हता. सल्फाइडचा थर पातळ असतो तेव्हा पिवळसर दिसतो, मग तपकिरी, मग जांभळट निळा, आणि जाड झाल्यावर काळा. अंड्याजवळची पानं काळी झाली होती, मधली निळी-जांभळी, टोकाची सोनेरी. उठावाचे भाग मी आत्याच्या टूथपावडरने, आत्या आंघोळीला गेलेली असताना, उजळले. हार हिच्यासमोर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकलो. तिने तो उजेडाकडे धरला, नाकाशी नेला, पुन्हा उजेडाकडे धरला. मग काही न बोलता गळ्यात घातला.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपैकी एकीने तो कुठे घेतला म्हणून विचारलं. हिने एका प्रदर्शनाचं नाव सांगितलं. मी आतल्या खोलीत श्वास रोखून होतो. सगळ्या गेल्यावर आत्या चष्मा लावून हिच्याजवळ गेली, हाराचं एक पान चिमटीत धरून तिने ते नीट न्याहाळलं.

"अगं, हा किती काळा पडलाय! सणासुदीला असं घालतात का?" आणि मग माझ्याकडे वळून, आल्यापासून प्रथमच प्रेमाने, "अरे, तुझ्या त्या सोड्यात टाक ना हा."

हिने हार काढला, कपाटाच्या आतल्या खणात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.